अण्णांचे सात शिक्के

अण्णा जाहिरात वाचत नाहीत, अडवतात. मुलुंडच्या जकात नाक्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. ट्रकवाला 'कापड आहे साहेब' म्हणाला की मान डोलवायची नाही, ताडपत्री वर करून बघायची, हा तिथला धर्म. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि त्याच सुमाराला अण्णाही निवृत्त झाले. त्यांच्यातला निरीक्षक मात्र अजून ड्युटीवर आहे. आता ट्रक मिळत नाहीत म्हणून तो वाक्यं अडवतो.

"'केसगळती थांबवा!' बरं. कोणाची? कधीपासून? कुठल्या टकलावर मोजली? घ्या गाडी बाजूला."

'हे सगळं मार्केटिंग आहे हो' म्हणणारे पुरुष आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. अक्षय्य तृतीयेला गुंजभर सोनं घेणाऱ्या बायकोला ते हे ऐकवतात, आंब्याच्या पेटीवरचं 'देवगड' वाचून ऐकवतात, अर्थसंकल्पाच्या दिवशी तर दिवसभर ऐकवतात. पण ते बिचारे एवढं वाक्य बोलून चहा पितात आणि विसरतात. अण्णांचं तसं नाही. अण्णांनी अभ्यास केला आहे. आणि अभ्यास केलेला माणूस नुसत्या चिडलेल्या माणसापेक्षा शेजाऱ्यांना फार महाग पडतो. आमचा आणि त्यांचा दरवाजा ठाण्यातल्या एकाच मजल्यावर समोरासमोर आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

अभ्यासाचं मूळ एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये आहे. 1937 साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराची चिरफाड करणारी एक संस्था निघाली. क्लाइड मिलर नावाचे कोलंबिया विद्यापीठातले एक गृहस्थ तिच्या मुळाशी होते आणि पैसा होता एडवर्ड फायलीन या बॉस्टनच्या बड्या दुकानदाराचा. म्हणजे गिऱ्हाइकाला जाहिरात ओळखायला शिकवण्याचा खर्च एका दुकानदाराने केला. अण्णांच्या मते यावर स्वतंत्र चौकशी व्हायला हवी होती. या संस्थेने लोकांना भुलवायच्या सात युक्त्या नावानिशी मांडल्या. पुढे 1939 मध्ये ली दांपत्याने संस्थेसाठी हे पुस्तक लिहिलं. फादर कॉफलिन नावाचा एक धर्मगुरू तेव्हा अमेरिकन रेडिओवरून ज्यूंविरुद्ध विष ओकत असे. पुस्तकात त्याचं भाषण छापून वाक्यावाक्यात बारीक चिन्हं टाकली होती. इथे ही युक्ती, तिथे ती.

चिन्हं पाहिली आणि अण्णांना नाका आठवला. ते तडक स्टेशनजवळच्या दुकानात गेले आणि सात रबरी शिक्के करवून आले. खाली वळलेला अंगठा, रत्न, मुखवटा, मोहोर, जुना जोडा, हुकमाचा एक्का आणि बँडमास्तरची टोपी. जांभळ्या शाईचं पॅड त्यांच्याकडे आधीपासून होतंच.

सकाळी साडेसहाला पेपर येतो. अण्णा टेबलावर तो पसरतात, सातही शिक्के डावीकडून उजवीकडे मांडतात, भिंग काढतात, आणि मग आमच्या घरात ठक् ठक् ऐकू येऊ लागतं. पहिल्या पानावर बहुधा बातमी नसतेच, पानभर जाहिरातच असते. 'भारताचा नंबर 1'. टोपी, म्हणजे 'सगळे इकडेच, तुम्हीही या'. ठक्. आतल्या पानावर दुसरा नंबर 1. पुन्हा टोपी. एका सकाळी त्यांनी मला बोलावून दाखवलं होतं, "चार नंबर एक आहेत आजच्या पेपरात! वर्गात चार पोरं पहिली आली तर आपण पेपर फुटला म्हणतो. इथे कोणी काही म्हणत नाही." कपड्यांच्या सेलची जाहिरात असली तर भिंगाचं काम. '70%' हे हाताच्या पंजाएवढं, आणि त्याला टेकून मोहरीच्या दाण्याएवढं 'पर्यंत'. अण्णा तो 'पर्यंत' लाल पेन्सिलीने गोल करतात आणि दुकानात जाताना कात्रण खिशात घेऊन जातात. काउंटरवरच्या पोराला विचारतात, "सत्तर टक्केवाला माल दाखवा." पोरगं कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट करतं. टोपलीत एक्स्ट्रा स्मॉल मापाचे तीन भगभगीत पिवळे शर्ट असतात. अण्णा विजयी मुद्रेने घरी येतात. वहिनींना हवा असलेला टॉवेल राहून जातो.

शिक्के मारलेल्या पेपरांचे वहिनी कपाटाच्या फळ्यांवर कागद घालतात. डब्यांखालून मुखवटे आणि जोडे डोकावतात.

टीव्हीवर शिक्का मारता येत नाही, हे अण्णांचं मोठं दुःख आहे. तिथे ते तोंडाने मारतात. पांढरा कोट घातलेला देखणा तरुण टूथपेस्टची ट्यूब धरून दात दाखवू लागला की अण्णा "मोहोर!" असं इतक्या मोठ्याने ओरडतात की खालच्या मजल्यावरचं बाळ उठतं. मग व्याख्यान. 1946 सालापासून एक अमेरिकन सिगारेट कंपनी उघड जाहिरात करत होती की डॉक्टर लोक आमचीच सिगारेट सर्वांत जास्त ओढतात. कॅमल त्या सिगारेटचं नाव. चित्रात डॉक्टर, हातात सिगारेट, चेहऱ्यावर रोग्याबद्दलची कळकळ. "फुप्फुसाचा डॉक्टर फुप्फुसाच्या शत्रूची शिफारस करतोय, आणि लोक विकत घेतायत! आणि आपला हा दाताचा डॉक्टर तर डॉक्टरही नाही. खाली बघा, बारीक अक्षरांत 'क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन' लिहिलंय. म्हणजे कोट भाड्याचा." तोवर मालिका सुरू झालेली असते आणि सूनबाई आवाज वाढवते.

त्यांचा आवडता शिक्का मुखवट्याचा. एखाद्या मोठ्या गोष्टीची पुण्याई उसनी घ्यायची आणि आपल्या फुटकळ मालावर चढवायची, ही ती युक्ती. यात त्यांचा आदर्श, म्हणजे आदर्श गुन्हेगार, एडवर्ड बर्नेज. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचा हा भाचा एका सिगारेट कंपनीचा सल्लागार होता. तेव्हा अमेरिकेत बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं असभ्य मानत. बर्नेजने 1929 च्या ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणींना सिगारेटी पेटवायला लावल्या आणि वार्ताहरांना सांगितलं की या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. "विकायचा होता धूर, आणि पुण्याई घेतली स्त्रीमुक्तीची!" हे सांगताना अण्णांच्या आवाजात राग असतो की कौतुक, ते मला अजून नीट कळलेलं नाही. जुन्या निरीक्षकांना हुशार तस्कराबद्दल वाटतं, तसलं काहीतरी असावं.

आमच्या नाक्यावरचा फ्लेक्स ते याच शिक्क्याखाली आणतात. वरच्या ओळीत अंडाकृती चौकटींत सगळे महापुरुष, मधल्या ओळीत पक्षाचे नेते आकाराच्या उतरंडीने, आणि खाली कमरेपासून वर, हात जोडून, गॉगल डोक्यावर चढवलेले 'भावी नगरसेवक'. निमित्त वाढदिवसाचं. शुभेच्छुक 'समस्त ठाणेकर'. अण्णांनी एकदा त्या फ्लेक्ससमोर उभं राहून मोठ्याने विचारलं होतं, "मी ठाणेकर आहे. मला कोणी विचारलं? माझ्या शुभेच्छा परत द्या." भावी नगरसेवकांची पोरं जवळच उभी होती. मी अण्णांना हाताला धरून घरी आणलं.

पानमसाल्याचं नाव घेऊन वेलची विकणाऱ्या नटांवर ते तासभर बोलू शकतात. खरा माल मागे ठेवून त्याच नावाची साळसूद वस्तू पुढे करायची, या प्रकाराला केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 च्या नियमावलीत साफ मनाई केली. अण्णांनी त्या नियमावलीची प्रत काढून पानवाल्याला नेऊन दिली. पानवाल्याने तिच्यात पान बांधून दिलं.

राजकारणात अण्णा निःपक्षपाती आहेत, एवढं मात्र कोणीही कबूल करील. 1971 ची 'गरिबी हटाओ' आणि 2014 चे 'अच्छे दिन' या दोन्हींवर त्यांनी एकच रत्न मारलं आहे. ऐकायला गोड, अर्थ ज्याचा त्याने भरायचा, आणि 'नको' म्हणायची कोणाची टाप नाही, असा शब्द दिसला की रत्न. 2004 च्या 'इंडिया शायनिंग'वरही रत्नच, पण त्याच्या बाजूला त्यांनी 'नापास' असं लिहून ठेवलं आहे, कारण एवढी झगमग करूनही सत्ताधारी हरले. "ज्याच्या नळाला पाणी नाही त्याला चमक दाखवून उपयोग नसतो," हे त्यांचं म्हणणं. हे वाक्य लक्षात ठेवा. अण्णांनी ठेवलं नाही.

जुन्या जोड्याचा शिक्का निवडणुकीच्या हंगामात झिजतो. एरवी काळ्या काचेच्या गाडीतून न उतरणारे पुढारी त्या महिन्यात टपरीवर वडापाव खातात, घोंगडीवर बसून पिठलं-भाकरी खातात, नांगर धरतात, शेंबड्या पोराला कडेवर घेतात. कॅमेरा आधी पोचलेला असतो. अण्णा अशा वेळी थेट 1840 सालात जातात. अमेरिकेत हॅरिसन नावाचा उमेदवार अध्यक्षपदाला उभा होता. प्रचार असा की हा लाकडी झोपडीतला, साधी सफरचंदाची दारू पिणारा गडी. प्रत्यक्षात तो जन्मला होता व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांच्या वाड्यात. मिरवणुकांत चाकांवर झोपड्या फिरवल्या, लोक वेडे झाले, गडी निवडून आला. "आणि शपथ घेतल्यावर एका महिन्यात गेला," अण्णा मिटक्या मारत सांगतात, जणू तो त्यांनीच ठोठावलेला दंड आहे.

'येऊन येऊन येणार कोण' अशी आरोळी रिक्षातून आली, की अण्णा गॅलरीत जाऊन नुसती टोपी दाखवतात. म्हणजे शिक्का. रिक्षावाल्याला वाटतं आजोबा आशीर्वाद देतायत, तो हात हलवतो.

एवढ्या सगळ्या तपासणीत वहिनी काय करतात? त्या भाजी निवडतात आणि मधूनच एखादा प्रश्न विचारतात. दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका नव्या इमारतीची जाहिरात आली होती. 'स्टेशनपासून 5 मिनिटं', 'निसर्गाच्या कुशीत'. अण्णांनी रत्न मारलं, एक्का मारला, आणि ही पाच मिनिटं पहाटे तीन वाजता हेलिकॉप्टरने मोजली असावीत असं जाहीर केलं. वहिनी म्हणाल्या, "ते ठीक. पण त्यात तो चौकोन असतो ना, फोन लावून बघायचा? त्यात पझेशन कधी लिहिलंय?" महाराष्ट्रात ऑगस्ट 2023 पासून बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड छापावाच लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी आणि पूर्ण होण्याची तारीख समोर येते. अण्णांनी जाहिरातीवर सात ठिकाणी शिक्के मारले होते. त्यातला एक नेमका त्या कोडवर बसला होता. फोनला काही वाचता येईना.

"मी युक्ती पकडली ना?" अण्णा म्हणाले.

"युक्ती पकडलीत. घर कसं आहे ते कुठे कळलं?"

अण्णांचा दोष इथे आहे, आणि तो एकट्या अण्णांचा नाही. शिक्का बसला की त्यांचा विषय संपतो. समोरच्याने युक्ती वापरली म्हणजे तो खोटं बोलतो, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. खरं बोलणारा माणूसही बँड लावतो, खऱ्या औषधाच्या बाटलीवरही हसरं बाळ असतंच, हे त्यांच्या नाक्यावर मंजूर नाही.

आणि मग आमच्या सोसायटीची निवडणूक लागली.

एक 'परिवर्तन पॅनेल' उभं राहिलं. त्यांचं पत्रक आलं. मजकूर चार ओळींचा. गच्चीवरची पाण्याची टाकी गळते आहे, तळाला तडा आहे, दुरुस्ती रखडली आहे, सोबत फोटो. फोटोत तडा स्पष्ट दिसत होता, त्यातून येणारं पाणी दिसत होतं, खालचं शेवाळं दिसत होतं. अण्णा जुन्या कमिटीत होते. त्यांनी भिंग लावलं, पत्रक उलटसुलट केलं आणि हुकमाचा एक्का ठोकला. "निवडक माहिती! आपल्याला दोन टाक्या आहेत. दुसरीचा फोटो का छापला नाही? ती गळत नाही म्हणून! शुद्ध प्रचार आहे हा."

या 'शुद्ध प्रचार'नंतर टाकीबद्दल बोलायची सोय उरली नाही. कोणी काढलंच तर अण्णा म्हणत, "तुम्हीही बळी पडलात?" कोणाला आपण बळी आहोत असं म्हणवून घ्यायला आवडतं? लोक गप्प बसू लागले. टाकी मात्र त्यांच्यातली नव्हती.

अण्णा स्वतः अध्यक्षपदाला उभे राहिले. 'स्वाभिमान पॅनेल'. त्यांचं पत्रक मी जपून ठेवलं आहे. वर सोसायटीच्या गणपतीचा फोटो, शेजारी 26 जानेवारीच्या झेंडावंदनाचा, त्यात झेंड्याखाली अण्णा. खाली जाड टाइपात 'प्रामाणिकपणा, पारदर्शकता, परंपरा'. विरोधकांचा उल्लेख 'बिल्डरांचे हस्तक' असा. ए विंगमधल्या ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञांचा पाठिंबा जाहीर केलेला, जणू टाकीला खरूज झाली आहे. मग 'लिफ्ट बंद पडली की तुमच्यासारखाच जिना चढणारा तुमचा माणूस'. अण्णा पहिल्या मजल्यावर राहतात. कामांच्या यादीत गेटच्या कुंड्या, नवी घंटा आणि वॉचमनचा स्वेटर. शेवटी चौकटीत, 'ए आणि बी विंग आमच्यासोबत. सी विंग मागे राहणार का?'

"अण्णा," मी म्हटलं, "हे सातच्या सात भरले की."

"काय भरले?"

"शिक्के."

त्यांनी पत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, खरोखरच्या आश्चर्याने. "अहो, हा प्रचार नाही. ही वस्तुस्थिती आहे."

न्यूयॉर्कच्या त्या संस्थेचं पुढे काय झालं, हे अण्णा कधी सांगत नाहीत. 1941 च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली आणि 1942 च्या सुरुवातीला संस्थेने काम गुंडाळलं. आता प्रचार आपल्याच सरकारने, आपल्याच बाजूने चालवायचा होता. तो भिंगाखाली धरला तर लढणाऱ्या देशाचा हात ढिला पडेल, अशी अडचण. परक्याच्या भाषणात सात चिन्हं टाकणारी माणसं घरच्या भाषणाशी आली तेव्हा थबकली. मला त्यांचा राग येत नाही, समोर हिटलर होता. अण्णांसमोर परिवर्तन पॅनेल होतं.

मतदानाच्या आदल्या रात्री नोटीस बोर्डावरच्या स्वाभिमान पॅनेलच्या पत्रकावर कोणीतरी शिक्के मारले. जांभळी शाई. गणपतीच्या बाजूला मुखवटा, 'परंपरा'वर रत्न, 'हस्तकां'वर अंगठा, त्वचारोगतज्ज्ञांवर मोहोर, जिन्यावर जोडा, कामांच्या यादीवर एक्का, चौकटीवर टोपी. सगळे नेमक्या जागी, सरळ रेषेत, एकही पुसट नाही. अण्णांनी विरोधकांवर बनावट शिक्के केल्याचा आरोप केला आणि पोलिसांत जायची भाषा काढली. तशी रबरी चिन्हं ठाण्यात फक्त एका घरात होती, आणि वहिनींच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला दोन दिवस जांभळा डाग होता, हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणालं कोणी काही नाही.

अण्णा निवडून आले. सी विंगमध्ये मी चौकशी केली. लोकांचं म्हणणं, हरले तर पाच वर्षं गेटवर उभे राहून आपल्याला शिकवतील, जिंकले तर निदान मीटिंगमध्ये अडकतील.

अध्यक्ष झाल्यावर टाकीच्या दुरुस्तीसाठी तीन कोटेशनं आली. पहिल्यावर एका क्रिकेटपटूचा अंगठा वर केलेला फोटो होता. मोहोर, बाद. दुसऱ्याने '5,000 हून अधिक समाधानी सोसायट्या' लिहिलं होतं. टोपी, बाद. तिसरा कंत्राटदार स्वतः आला. साधा शर्ट, हातात कागद नाही. चपला दाराबाहेर काढून बसला आणि म्हणाला, "अध्यक्षसाहेब, बाकीच्यांकडे मी माहितीपत्रक देतो, व्हिडिओ दाखवतो. तुमच्याबद्दल ऐकून आहे. तुम्हाला असल्या गोष्टींनी फसवता येत नाही. त्यामुळे तुमच्यापुढे सरळच बोलतो."

अण्णांनी सातही शिक्क्यांवरून एकदा नजर फिरवली. यासाठी त्यांच्याकडे शिक्का नव्हता. काम त्यालाच मिळालं, तिघांत दर सर्वांत जास्त असूनही.

हमी 10 वर्षांची आहे, अटी लागू. अटींचा कागद वहिनींनी लेखी अर्ज देऊन मागितला आहे. तो अजून आलेला नाही.